जेवण तोडायला शिकवणारे ऑनलाइन गट: घरच्यांनी काय करायचं, कोणत्या क्रमाने

गणपतीत त्या मुलीने एकवीस मोदक केले. उकड तिनेच मळली, कळ्या तिनेच पाडल्या, पाहुण्यांना आग्रह करकरून वाढले, कुणाच्या पानात तूप कमी दिसलं तर उठून घातलं. "किती गुणाची गं पोर," असं आत्या, काकू सगळ्या म्हणाल्या. तिच्या स्वतःच्या पानात एकच मोदक होता, आणि पानं उचलली तेव्हाही तो तसाच होता. "करता करता खाल्ले मी," ती म्हणाली.

मुलगी दहावीतली. तिची आई दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्याकडे आली. मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलीच्या फोनवर सापडलेला एक गट तिने मला दाखवला. चाळीस-पन्नास मुली, बहुतेक एकमेकींना कधी न भेटलेल्या. सकाळी हजेरी लागायची: काल कुणी काय काय खाल्लं नाही. जिने खाल्लं तिने माफी मागायची, मग बाकीच्या तिला "उद्या पुन्हा सुरुवात कर" म्हणून धीर द्यायच्या. आईला सगळ्यात जास्त लागलं ते वजनाचं बोलणं नव्हतं. रात्री पावणेदोन वाजता तिच्या मुलीने लिहिलेलं एक वाक्य होतं: "इथेच मला कुणीतरी समजून घेतं."

आईने मला विचारलं, "फोन काढून घेऊ ना?" मी म्हटलं, घ्यायचा की नाही ते बघू, पण सुरुवात तिथून नको. पुढचा लेख म्हणजे त्या "सुरुवात कुठून" चं उत्तर. एक आधीच सांगते: या लेखात वजनाचा, उष्मांकाचा एकही आकडा नाही, त्या गटांच्या खुणेच्या शब्दांची यादी नाही आणि तिथे शिकवतात त्या युक्त्याही नाहीत. हा लेख पालकांसाठी आहे, पण घरातला फोन कुणाच्याही हातात जातो.

पहिली पायरी: हे काय आहे ते समजून घ्या

अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा म्हणजे वजन वाढेल या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार. बुलिमियात अनावर खाणं होतं आणि मग ते कसंही करून शरीराबाहेर टाकण्याची धडपड. हे नखरे नाहीत आणि श्रीमंतांचे चोचलेही नाहीत. अ‍ॅनोरेक्सियाला हे नाव १८७३ साली लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी दिलं, म्हणजे इन्स्टाग्रामच्या कितीतरी आधी. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्या आजारांत तो मोडतो.

इंटरनेटने आजार निर्माण केला नाही, त्याला सोबत मिळवून दिली. 'प्रो-अ‍ॅना', म्हणजे अ‍ॅनोरेक्सियाच्या बाजूच्या, म्हणवणाऱ्या साइट पंचवीस वर्षांपूर्वीपासून आहेत. तिथे आजाराला मैत्रिणीचं नाव देतात, त्याला 'आजार' म्हणणाऱ्यांना शत्रू मानतात. २००१ मध्ये याहूने असे क्लब काढून टाकले, ते दुसरीकडे गेले. २०१२ मध्ये टम्बलर, पिंटरेस्ट, इन्स्टाग्राम यांनी नियम कडक केले, इन्स्टाग्रामने काही हॅशटॅग बंद केले. मुलींनी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त घातलं आणि गाडी पुढे चालू. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी नंतर हे मोजलं, तर त्या बदललेल्या स्पेलिंगांवर सहभाग उलट जास्त दिसला. जून २०२५ मध्ये टिकटॉकने बारीकपणाचं वेड पसरवणारा एक मोठा हॅशटॅग शोधातून बंद केला. टिकटॉक भारतात २०२० पासूनच बंद आहे, पण तिथले व्हिडिओ रील्स होऊन इथे पोचतातच.

पूर्वी असा गट शोधावा लागायचा. आता गटच मुलीला शोधत येतो. 'सेंटर फॉर काउंटरिंग डिजिटल हेट' या संस्थेने २०२२ मध्ये टिकटॉकवर तेरा वर्षांच्या मुलांच्या नावाने नवी खाती उघडली आणि शरीराबद्दलच्या व्हिडिओंवर फक्त थांबून, लाइक करून पाहिलं. एका खात्यावर आठ मिनिटांच्या आत खाण्याच्या विकारांचा मजकूर समोर आला. तेव्हा "तू असलं शोधलंसच का?" हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीचा असतो. तिने कदाचित 'हेल्दी टिफिन' शोधलं असेल.

आणि मोदकांचं कोडं? १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. सगळे स्वेच्छेने आलेले, निवडताना मनानेही निरोगी. काही आठवड्यांत ती माणसं पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, ताटातलं तासन् तास चिवडत बसायची, चिडचिडी झाली, मित्रांपासून तुटली. म्हणजे मुलीचं विचित्र वागणं हे पुष्कळदा उपासमारीचंच लक्षण असतं, तिचा स्वभाव नव्हे. ती दुसऱ्यांसाठी केक करते, रेसिपीचे व्हिडिओ रात्र रात्र बघते, कारण तिला भूक लागलेली आहे. ही एक गोष्ट आईवडिलांच्या डोक्यात शिरली की घरातला अर्धा राग उतरतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी: खुणा ओळखा, आपल्या घरातल्या

पुस्तकी यादी कुठेही मिळेल: जेवणानंतर लगेच बाथरूम, सैल कपडे, सतत थंडी वाजणं, केस गळणं, पाळी चुकणं. आपल्याकडे मात्र काही आडोसे असे आहेत की त्यामागे हे महिनोन् महिने झाकलं जातं.

पहिला आडोसा उपवास. सोमवार, संकष्टी, नवरात्र. मुलगी धार्मिक झाली म्हणून आजी खूश. एक साधी कसोटी: 'एकादशी दुप्पट खाशी' ही आपली खरी परंपरा आहे. उपासाला जी मुलगी साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस यांतलं काहीच घेत नाही, तिच्या उपवासाकडे नीट बघा. दुसरा आडोसा अभ्यास: "क्लासमध्ये खाल्लं", "मैत्रिणीकडे झालं". तिसरा आडोसा स्वच्छ डबा. त्या आईला किती अभिमान होता की लेक डबा शाळेतच धुऊन आणते!

वजन बघून ठरवू नका. बुलिमियात वजन बहुतेक वेळा नेहमीसारखंच असतं, आणि आधी जाड असलेली मुलगी झपाट्याने बारीक झाली तर ती 'छान' दिसू लागते तेव्हाच धोक्यात असू शकते. मुलांनाही हे होतं, फक्त त्यांचे गट जिमच्या, 'कटिंग'च्या (चरबी घटवण्याच्या), सिक्स पॅकच्या नावाने चालतात. मुलगा आहे म्हणून डॉक्टरांकडे जायला उशीर झाल्याचं मी दोनदा पाहिलंय.

ऑनलाइन खुणा: एखादं दुसरं, घरच्यांना माहीत नसलेलं खातं, हाडं दिसणारे फोटो जमवणं, 'आज किती' अशा मोजमापाच्या नोंदी, एखाद्या अनोळखी 'बडी'शी रोजचा हिशोब. कुणी मोठा माणूस 'कोच' म्हणून मुलीकडून शरीराचे फोटो मागत असेल, तर ते वेगळंच प्रकरण आहे. तो लैंगिक शोषणाचा प्रकार असू शकतो. त्यात चॅट पुसू न देता, स्क्रीनशॉट ठेवून थेट सायबर पोलिसांकडे किंवा १०९८ या चाइल्डलाइनवर जा, आणि मुलीला पहिल्या वाक्यात सांगा की चूक तिची नाही.

तिसरी पायरी: पहिलं बोलणं

जेवणाच्या ताटावर बोलू नका. पाहुणे असताना नको, परीक्षेच्या आदल्या रात्री नको. एका वेळी एकच मोठं माणूस, शक्यतो शेजारी बसून; स्कूटरवर, फिरायला जाताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना. समोरासमोर बसलं की ती चौकशी वाटते.

सुरुवात जे दिसलं त्यावरून करा. "तू बारीक झालीस" हे दिसलेलं नाही, ते मत आहे; आणि त्या गटात ही शाबासकी असते, हे विसरू नका. त्या आईने माझ्यासमोर दोन-तीनदा घोकून शेवटी जे म्हटलं ते साधारण असं:

"अगं, गेले काही दिवस तू जेवायला बसलीस की तुझा चेहरा घाबरल्यासारखा होतो. मला आधी वाटलं अभ्यासाचं टेन्शन. मी चुकले असेन. पण तुला जेवणाची भीती वाटते का?"

मुलगी म्हणाली, "काही नाही गं आई, तू पण ना." आई म्हणाली, "बरं. मी इथेच आहे." आणि खरोखर गप्प बसली. दोन दिवसांनी रात्री मुलगी स्वतः येऊन तिच्या पांघरुणात शिरली आणि रडली. दर वेळी असं घडत नाही. काही मुली महिनाभर चिडतात. नकार आला म्हणजे बोलणं फुकट गेलं असं मात्र नाही.

"अन्न हे पूर्णब्रह्म" वरचं व्याख्यान, "आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो", "लोकांना खायला मिळत नाही आणि तुला..." ही वाक्यं तेवढी आवरा. तिला आधीच पुरेशी लाज वाटते. गटाबद्दल बोलायची वेळ आली तर त्या मुलींना नावं ठेवू नका. "तुला तिथे काय बरं वाटतं?" हे विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. त्या उत्तरातच घरात काय कमी पडतंय ते असतं. आणि ते ऐकायला जड जातं, हे मी आई म्हणूनही सांगू शकते.

चौथी पायरी: डॉक्टर, आणि तेही लवकर

समुपदेशन नंतर, आधी शरीर. त्या मुलीच्या घरच्या डॉक्टरांनी "वयात असं होतंच" म्हणून टॉनिक लिहून दिलं आणि सहा आठवडे गेले. डॉक्टर वाईट नव्हते; त्यांना कुणी पूर्ण चित्र सांगितलंच नव्हतं. म्हणून कागदावर लिहून न्या: किती महिन्यांपासून, काय काय खाणं बंद केलं, पाळी शेवटची कधी, चक्कर येते का, उलट्यांचा संशय आहे का, व्यायाम किती. आणि स्पष्ट शब्दांत म्हणा, "आम्हाला ईटिंग डिसऑर्डरची शंका आहे."

नाडी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, शरीराचं तापमान, ईसीजी, रक्तातली साखर, सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, हिमोग्लोबिन, थायरॉइड हे तपासायला हवं. ईसीजी आणि पोटॅशियम मुद्दाम विचारा, कारण या आजारात हृदयाची गती बिघडून अचानक धोका होतो. रिपोर्ट नॉर्मल आले तरी सुटलो असं समजू नका. शरीर बरेच दिवस रक्तातली पातळी सांभाळून घेतं.

वजन करताना मुलीला काट्याकडे पाठ करून उभं करायला सांगा, आकडा मोठ्याने न वाचण्याची विनंती करा.

आणखी एक, जीवावर बेतणारी गोष्ट. खूप दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला घाबरून एकदम भरपूर खायला घालू नका. शरीर अचानक अन्न पचवू लागतं तेव्हा रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येऊन हृदय, फुप्फुसं निकामी होऊ शकतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. सुरुवातीचं खाणं किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टरच ठरवतील, गरज पडली तर दाखल करून.

शुद्ध हरपणं, छातीत धडधड किंवा दुखणं, उलटीत रक्त, पाणीही न पिणं, गोंधळल्यासारखं बोलणं, जीव देण्याचं बोलणं: यांतलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ, शक्यतो मुलांचे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो: मुंबईत केईएम, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत इंटरनेट-वापराच्या समस्यांसाठी वेगळं क्लिनिकही आहे. जवळ कुणीच नसेल तर टेली-मानस, १४४१६: केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ पासूनची मोफत, चोवीस तास चालणारी सेवा, मराठीत बोलता येतं. विम्याचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच धरायचं आहे. "हे आमच्यात बसत नाही" असं एजंट म्हणाला तर लेखी मागा.

पाचवी पायरी: ताट

किशोरवयीन मुलांच्या अ‍ॅनोरेक्सियासाठी संशोधनाचा सगळ्यात जास्त आधार असलेली उपचारपद्धत १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये तयार झाली. गाभा सोपा: पालकांना गुन्हेगार ठरवायचं नाही, उलट जेवणाची सूत्रं काही काळ त्यांच्याच हाती द्यायची. काय, किती, कधी हे आईवडील ठरवतात. मुलगी थोडी सावरली की हळूहळू तिच्या हाती परत देतात. हे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करायचं, पण रोज राबवायचं घरीच.

प्रत्यक्षात ते असं दिसतं: ताट स्वयंपाकघरातून वाढूनच आणायचं. वाटाघाटी नाहीत, "अर्धी पोळी कमी कर ना" ला उत्तर एकच, शांतपणे: "बाळा, हे तुझं औषध आहे. मी इथे बसलेय." आई, बाबा, आजी तिघांचं उत्तर एकच हवं. आजीने गुपचूप ताटातलं कमी केलं की आजाराला घरात वकील मिळतो. गप्पा दुसऱ्याच विषयावर: क्रिकेट, शेजारच्यांचं मांजर, काहीही. जेवल्यावर तासभर सोबत बसायचं, पत्ते खेळा, मालिका बघा. सुरुवातीला एकेक जेवण दीड तास चालेल, ताट भिरकावलं जाईल, "मला तुझा तिरस्कार वाटतो" हे ऐकावं लागेल. त्या बाबांनी एका रात्री भिंतीवरची आमटी पुसत मला फोन केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा पोहे वाढले, तेवढेच.

सहावी पायरी: आता फोन

फोन एका झटक्यात हिसकावला की तीन गोष्टी होतात. तिच्या एकमेव सोबतिणी तुटतात, गटाने सांगितलेलं "घरचे आपले शत्रू" खरं ठरतं, आणि ती मैत्रिणीच्या फोनवरून पुन्हा तिथेच पोचते, फक्त आता तुमच्या नजरेआड. अपवाद दोन: वर सांगितलेलं फोटोचं शोषण आणि जिवाचा धोका. तिथे चर्चा नाही.

बाकी वेळी तिच्यासोबत बसून करा. गट आधी म्यूट, मग काही दिवसांनी बाहेर. 'आज सोडते' पेक्षा 'आज नोटिफिकेशन बंद करते' हे जमतं. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये सुचवला जाणारा मजकूर रीसेट करण्याची सोय आहे, ती वापरा. यूट्यूबची पाहिलेल्याची नोंद पुसा. नंतर आठवडाभर तिला हवं ते मुद्दाम बघू दे: कुत्री, क्रोशे, कोरियन गाणी. अल्गोरिदमला नवी सवय लावावी लागते. आहार, वजन, व्यायाम मोजणारी सगळी अ‍ॅप काढा, मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळसुद्धा. रात्री सगळ्यांचे फोन, होय, बाबांचाही, दिवाणखान्यात चार्जिंगला. रात्री बारा ते तीन हीच या गटांची खरी वेळ असते.

गटाची जागाही भरायला हवी, नाहीतर ती पोकळी गटच भरेल. त्या मुलीला चुलत बहिणीचा रात्री दहाचा फोन लागू पडला. तिथे जेवणाचा विषय निघत नसे.

तक्रारीचं: अ‍ॅपमध्ये रिपोर्ट करताना 'ईटिंग डिसऑर्डर' किंवा 'स्वतःला इजा' हा प्रकार निवडा, नुसतं 'आवडलं नाही' नको. पोस्ट आणि खातं दोन्ही रिपोर्ट करा, आधी लिंक जपून ठेवा. भारतात २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे मोठ्या प्लॅटफॉर्मना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव त्यांच्या साइटवर असतं. तिथे दाद लागली नाही तर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. लेक ब्रिटनमध्ये असेल तर तिथे जुलै २०२५ पासून असा मजकूर मुलांपर्यंत पोचू न देणं ही कंपन्यांची कायदेशीर जबाबदारी आहे. तरी एक गट बंद पडला की दुसरा उघडतो, म्हणून तक्रारीला संध्याकाळचा अर्धा तास द्या, दिवस देऊ नका.

सातवी पायरी: घरातली भाषा

वजनकाटा माळ्यावर. "सुटलीस की गं", "हडकुळी", "आता लग्न कसं जमायचं" हे बंद. "बारीक झालीस, मस्त दिसतेस" हे तर आधी बंद. लग्नकार्याला जायच्या आधी मामा-मावशींना फोन करून सांगून ठेवा: तिच्या दिसण्यावर आणि तिच्या ताटावर कुणी काही बोलायचं नाही, चांगलंही नाही. बाबांचं सोळा तासांचं उपाशी राहणं आणि त्याचं रोजचं कौतुक काही महिने थांबवा.

पुन्हा घसरण झाली तर

होते. परीक्षा, सहल, हॉस्टेल, प्रेमभंग या जागा आधीच ओळखून ठेवा आणि त्या काळातली डॉक्टरांची तारीख रद्द करू नका. ती स्वतः म्हणाली "आई, पुन्हा तिकडे गेले होते", तर पहिलं वाक्य "सांगितलंस ते बरं केलंस" हेच हवं; मग दुसऱ्या दिवशी पाचवी पायरी पहिल्यापासून.

एक प्रश्न मला त्या मुलीने विचारला, त्याची तयारी माझी नव्हती. "मॅम, मी गट सोडला. पण त्यात एक आहे, नाशिकची म्हणते, ती रोज लिहायची की मरावंसं वाटतं. तिचं काय?" हा प्रश्न बऱ्या होणाऱ्या बहुतेक मुलींना पडतो, आणि "तू तुझं बघ" हे त्याचं उत्तर नाही. तिने एकटीने त्या मुलीला वाचवत बसायचं नाही, हे नक्की. पण मोठ्या माणसासोबत बसून ते खातं आत्महत्येच्या धोक्याखाली रिपोर्ट करता येतं, १०९८ वर ते कळवता येतं. आणि एक शेवटचा मेसेज करता येतो. आम्ही दोघींनी तो माझ्या केबिनमध्ये बसून लिहिला: "मी आजारी होते, आता डॉक्टरांकडे जाते. तूही आजारी आहेस, वाईट नाहीस. १४४१६ ला फोन कर, मराठीत बोलतात." पाठवला, आणि मग तिने ते खातं माझ्यासमोर बंद केलं.